वाटीतला निळा रंग

बौद्धवाडी, ता. श्रीवर्धन
१८ ऑगस्ट २०२५

दादू भावजी,

जय भीम. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुमच्या मुलीने, प्रणालीने उचलला, "बाबांना देते मामा" म्हणाली, आणि मग फोन बंद झाला. पोरीचा दोष नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र मधेच बंद करता येत नाही. फाडता येतं, पण फाडणारा माणूसही आधी दोन ओळी वाचतोच. माझी शाळा सातवीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा चुका काढू नका.

कामाचं लिहितो. तुमचा पाना हवा आहे.

आपला डबा अजून आहे. घरामागे पत्र्याखाली उभा आहे. गोऱ्या इंजिनियर साहेबाने विलायतेहून जहाजातून आणलेली कॅरव्हॅन, मी त्याचा ड्रायव्हर होतो म्हणून परत जाताना ती मला देऊन गेला, आणि आपण जीपच्या मागे जोडून तिच्यातून गायन पार्टी गावोगाव नेली. सगळा तालुका तिला डबा म्हणायचा. आता माझ्या विनेशच्या बायकोने, कल्पिताने, हरिहरेश्वरला पाहुणे उतरवायला दोन खोल्या चालवायला घेतल्या आहेत. तिथल्या अंगणात तिला डबा नेऊन ठेवायचा आहे. मुंबईच्या लोकांना म्हणे असल्या गाडीत झोपायची हौस असते. आपण झोपायचो तेव्हा हौस नव्हती, दुसरी जागा नव्हती.

कल्पिता म्हणते, "आप्पा, ट्रकवर चढवू आणि तिकडे सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवू. कायमची उभीच राहणार. टायर कशाला?" मी नाही म्हटलं. चाकाची गाडी आहे, चाकावरच जाईल. ती म्हणाली, "बरं, मग तुम्हीच बघा चाकाचं." तेव्हापासून मी बघतो आहे आणि डोकं दुखायला लागलं आहे.

पहिली अडचण नटांची. विलायती गाडी, नट इंचाच्या मापाचे. श्रीवर्धनचा गणराज टायरवाला येऊन गेला. त्याचे सगळे पाने मिलिमीटरचे. एक आत जात नाही, त्याच्या पुढचा गरगर फिरतो. तुम्ही मुंबईहून शोधून आणलेला, दांड्याला नळीचा तुकडा जोडलेला पाना त्या नटांना बसायचा. अपघातानंतर वाडीची बैठक झाली, तिच्यातून तुम्ही उठून गेलात तेव्हा तो तुमच्या हातात होता. पेटी ठेवून गेलात, सतरंजी ठेवून गेलात, पाना तेवढा गेला.

दुसरी अडचण मापाची. जुन्या टायरवर ५.६०-१३ असं उठवलेलं आहे. दुकानात सांगितलं तर पोरगं हसलं. म्हणे आता १५५ असं माप असतं. पाच पूर्णांक साठचे एकशे पंचावन्न कसे झाले, मला कोणी समजावून सांगत नाही. तुम्हाला यातलं कळायचं. कळलं तर कळवा.

जुनं उकरायला हे लिहीत नाही. चौऱ्याण्णवच्या जयंतीला म्हसळ्याला निघालो, घाटात डाव्या बाजूचं चाक निघालं, डबा कलंडला, दार उघडून रखमा बाहेर पडली आणि तिचा उजवा हात खाली सापडला. ती पुन्हा पेटीवर बसली नाही. नट तुम्ही आवळले होते. माणसाचा हात कधी हलका पडतो. मी त्याबद्दल एकतीस वर्षांत एक वाकडा शब्द बोललो नाही.

पावसात तिचा हात दुखतो का? दुखत असेल तर शेकायला सांगा.

पाना पाठवा. पोस्टाने पाठवला तरी चालेल.

रामजी


३ सप्टेंबर २०२५

दादू भावजी,

उत्तर आलं नाही. पिनकोड चुकला असेल असं वाटून मी पोस्टात विचारून आलो. चुकलेला नाही. पत्र पोचलं आहे असं प्रणालीने कल्पिताला कळवलं. वाचलं का ते कळवलं नाही.

पाना आला नाही म्हणून गणराजने एक लहान मापाचा पाना हातोडीने ठोकून नटांवर बसवला आणि चाकं काढली. नटांचे कंगोरे थोडे खाल्ले गेले. ठोकताना माझ्याच दातात कळ येत होती. मी म्हणालो, "हळू रे." तो म्हणाला, "काका, तुमी तिकडं चा पिऊन या. तुमी बघताय म्हणून नट घाबरतोय."

गंजाचे पापुद्रे निघाले. मला वाटलं चाकं गेली. गणराजने तारेच्या ब्रशने घासली, मग रॉकेल चोपडलं, पुसलं आणि वरून खडू फासला. भेग असली तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ होऊन वर येतं. आम्ही दोघं अर्धा तास खडूकडे बघत बसलो. रेघ आली नाही. लोखंड जुनं आहे पण शाबूत आहे. एका चाकाची कड चेपली आहे, घाटातलंच ते चाक. ती कड तो ठोकून सरळ करणार आहे.

टायरचं सांगतो. एका दुकानात मी पसंत करून ठेवला होता. काळाकुळकुळीत, रबराची नखं तशीच. गणराज म्हणाला तारीख बघा. मला तारीख कुठे असते माहीत नव्हतं. टायरच्या अंगावर चार आकडे लंबगोलात असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावर २३१४ होतं. म्हणजे दोन हजार चौदाच्या जूनमधला. दुकानदार म्हणाला, वापरलेलाच नाही तर जुना कसा? गणराज मला बाहेर आणून म्हणाला, "काका, उभ्या गाडीचा टायर झिजून मरत न्हाय, वयानं मरतो. वरनं झ्याक दिसतो आन आतनं सुकलेला असतो." मी ते ऐकून तसाच दुकानाच्या पायरीवर बसलो. शहात्तर पुरी झाली आहेत मला. तुम्हालाही.

आता टायरच्या अंगावरचे सगळे आकडे वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांच्या गाड्यांपाशीही वाकून बघतो. परवा एका पाहुण्याने विचारलं, काय हरवलं का बाबा.

उजव्या चाकाचे नट काढताना गणराज रंगाबद्दल काहीतरी बोलला. त्याचं एवढं काही नाही. पुन्हा कधी लिहीन.

पाना अजूनही हवा आहे. काढताना भागलं, पण आवळताना ठोकाठोक करून चालणार नाही.

रामजी


२२ सप्टेंबर २०२५

भावजी,

मागचं पत्र पोस्टात टाकल्यापासून मला बरं वाटत नाही. डॉक्टरने रक्तदाबाची गोळी वाढवली. कल्पिता म्हणते, टायरचा विषय घरात काढायचा नाही. मी काढत नाही, पण ती जेवायला वाढते आणि माझ्या तोंडून आकडेच निघतात.

वजनाचं आधी सांगतो. डब्याच्या दाराशी पितळी पाटी आहे, आपण तिला कधी विचारलं नाही ती काय म्हणते. शाळेतले रत्नपाल सर, आपल्या वाडीच्या शाखेचे सचिव, ते येऊन वाचून गेले. जुनं विलायती वजन आहे, त्यांनी हिशोब करून सांगितलं, रिकामी गाडी नऊशे चौदा किलो. दोन चाकं, म्हणजे एकाला चारशे सत्तावन्न. आणि मोटारीच्या टायरवर ७९ आकडा असतो, तो फक्त चारशे सदतीस किलो उचलतो. वीस किलो कमी. कल्पिता म्हणाली, "वीस किलोसाठी आठ दिवस माझं डोकं खाल्लं?" मी म्हणालो, रिकाम्या गाडीला वीस कमी. आपण तर सात माणसं बसायचो. पेटी, तबला, ढोलकी, भोंगा, बॅटरी, वर भाताचं पातेलं.

म्हणून आता छोट्या टेम्पोचा टायर घ्यायचं ठरलं आहे. तोच तेरा इंची, पण जाड अंगाचा, सहाशे किलो उचलणारा. ह्याच वर्षीचा मिळाला. तारीख तीनदा वाचली.

एवढं लिहून मी चहा प्यायलो. चहा पिताना मनात आलं, चौऱ्याण्णवला वजनच जास्त झालं होतं असं लिहून टाकावं. म्हणजे कोणाचाच दोष राहणार नाही. पण टायर फुटला नव्हता. चाक निघालं होतं. मी जीप चालवत होतो, मागून कोणीतरी किंचाळलं आणि खिडकीतून बघतो तर एक निळं चाक एकटंच मला मागे टाकून पुढे चाललं होतं. ते उतारावर वळणापर्यंत अगदी सरळ गेलं. आजही उतार आला की मी बाजूला बघतो.

तर रंगाचं. उजवं चाक त्या दिवसानंतर कोणी हातात घेतलं नव्हतं. त्याचे नट तुम्ही आवळलेले तसेच होते. गणराजने पाना लावला तर पहिल्या दोन नटांना जोरच लागला नाही. गंज होता, पण आवळ नव्हती. मी लगेच म्हणालो, बघ, मुळातच सैल होते. त्याने चाक काढून उलटं धरलं. नटाचं तोंड निमुळतं असतं, ते चाकातल्या भोकाच्या ज्या खळग्यात बसतं त्याला तो वाटी म्हणतो. त्या पाचही वाट्यांत निळा रंग भरलेला होता. जाड, दोन थरांचा. आणि रंगात नटाच्या तोंडाची खूण खोल रुतलेली होती, ओल्या शेणात अंगठी दाबावी तशी.

गणराज म्हणाला, "नट आवळणाऱ्यानं जीव खाऊन आवळलाय, काका. खूण बघा कशी रुतलीय. पर वाटीत रंग असला की रंग दाबला जातो, गाडी चालली की त्याचा भुगा व्हतो आन नट आपसूक ढिला पडतो. लोखंडाला लोखंड भिडलं पायजे. कुठल्या शहाण्यानं हा रंग मारलाय?"

मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे.

रंग मी मारला होता. जयंतीसाठी. तुम्हाला ते माहीत आहे. चाकं निळी करायची म्हणून आदल्या दिवशी दोन हात मारले आणि भोकांत ब्रश फिरवून आतूनही निळी केली, कुठे लोखंड दिसायला नको म्हणून.

पण भावजी, तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं? मी ड्रायव्हर माणूस, मी काही फिटर नव्हतो. ठाऊक नसताना झालेल्या गोष्टीला चूक म्हणायची का, हे मला कोणीतरी सांगायला हवं.

तुमचा हात हलका पडला नव्हता एवढं मात्र कळलं. ते कळवण्यासाठी हे पत्र.

रामजी


८ ऑक्टोबर २०२५

दादू,

शाळेत होतो तेव्हा आपलं अरेतुरे होतं. रखमाशी तुझं लग्न झालं आणि तू तुम्ही झालास. हे एवढं पत्र तू म्हणूनच लिहितो. पुढच्या पत्रात पुन्हा भावजी म्हणेन.

मागच्या पत्रात मी विचारलं, तेव्हा हे कोणाला ठाऊक होतं. ते लिहिताना मला उत्तर येत होतं. तुला ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी तू अंगणात उकिडवा बसला होतास. उजवं चाक तुझ्या गुडघ्याला टेकलेलं होतं. तू बोट फिरवून म्हणालास, "रामजी, वाटीत रंग लई जाड बसलाय रं. खरवडून टाकू?"

मी म्हणालो, "खरवडलास तर पांढरं दिसेल. मिरवणुकीत लोक चाकांकडं बघतात. आवळ तसाच."

तू म्हणालास, "तुझा डबा, तुझा रंग." आणि दांड्यावर पाय देऊन आवळलेस. एक सोडून एक, एक सोडून एक. प्रत्येक नटाला तू हं म्हणायचास. मी अंगावर नवा सदरा चढवत होतो.

हे मी विसरलो नव्हतो. गणराज वाटी दाखवत होता तेव्हा आठवलं असंही नाही. एकतीस वर्षं ते मला रोज ठाऊक होतं. फक्त त्यावर बाकीचं काहीबाही रचून ठेवलं होतं.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, नट कोणी आवळले? तू म्हणालास, मी. आणि माझ्याकडे बघितलंस. पाना मांडीवर होता. तू स्वतःहून रंगाचं नाव काढलं नाहीस, मी काढतो का याची वाट बघितलीस. रखमा तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात होती. मी चटईकडे बघत राहिलो. मागून कोणीतरी म्हणालं, रात्रीची उतरली नसेल. तू आयुष्यात दारूला शिवला नाहीस. आपल्या वाडीत हे माझ्याएवढं कोणाला माहीत होतं? मी तरी चटईच बघत होतो. त्या चटईला एका कडेला लाल दोरा होता.

रखमा माझी धाकटी बहीण. आई गेल्यावर मी तिला शाळेत नेऊन बसवलं, पेटी शिकायला मीच तिला पाठवलं. तिचा हात माझ्या रंगाने गेला हे माझ्या तोंडातून निघेना. मग तो तुझ्या हाताने गेला असं लोकांना वाटू दिलं. बैठकीच्या बुकात लिहिलं गेलं की दादू यांच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, त्यांना गायन पार्टीतून कमी करण्यात येत आहे. खाली सह्या आहेत. तिसरी माझी.

त्यानंतर तू कुठे गायलास असं ऐकू आलं नाही. तू राहायला गेलास त्या तळा गावी जाऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारायचो. बहिणीचं विचारतो असं दाखवून तुझं विचारायचो.

परवा वर्षावासाची समाप्ती झाली. तीन महिने विहारात दर रविवारी ग्रंथाचं वाचन चाललं होतं, मी दर रविवारी जाऊन भिंतीला टेकून बसत होतो. समाप्तीला वाचन झालं, खीर वाटायची होती. रत्नपाल सर म्हणाले, कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर. मी उठलो. सगळ्यांना वाटलं टायरचं काही सांगणार. पोरं हसायला लागली.

मी जे तुला वर लिहिलं ते सगळं सांगितलं. वाटीसकट. गणराजने काढून दिलेला रंगाचा तुकडा कागदात बांधून नेला होता, तो फिरवला. मग ठमाबाई, आता नव्वदीला आली आहे, ती बसल्या जागेवरून म्हणाली, "एकतीस वर्सं गिळून बसलास व्हय रं? आन आमाला दर जयंतीला सांगायचास, गायनाला आता पयलेवानी मजा न्हाय." कोणी हसलं नाही.

मी म्हणालो, "म्हातारे, चुकलो."

ती म्हणाली, "मला काय सांगतोस. माझा हात गेला न्हाय."

सर जुनं बुक घेऊन आले. म्हणाले, रामजीकाका, झालेल्या ठरावात खाडाखोड करता येत नाही, पण खाली नवा ठराव लिहिता येतो. त्यांनी तिथेच लिहिला. दादू यांचा कोणताही दोष नव्हता, दोष रामजी यांचा होता, दादू यांना गायन पार्टीत पहिल्यासारखं बोलावण्यात येत आहे. गायन पार्टी आता कुठे आहे, असं कोणी विचारलं नाही. ह्या खेपेला पहिली सही माझी आहे. दोन्ही ठरावांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. एकाच पानावर वरखाली आले आहेत.

तू हे रखमाला कधी सांगितलं होतंस का? नसशील. ती मला रक्षाबंधनाला नाही, पण दर भाऊबीजेला प्रणालीच्या हातून मिठाईचा पुडा पाठवते, म्हणजे सांगितलेलं नसणार. आता हे पत्र तिला वाचून दाखव. पुडा ह्या वर्षी आला नाही तर मी समजेन.

चाकं तयार आहेत. निळीच केली, कारण दुसरा कुठलाही रंग मला सुचला नाही. रंगवताना गणराजने वाट्यांत मेणबत्तीचं मेण भरून ठेवलं होतं. नंतर ते उकरून काढलं. आता वाट्या पांढऱ्या लोखंडाच्या आहेत. टायर चढवून चाकं गाडीला लावली आहेत, नट बोटांनी फिरवून ठेवले आहेत. आवळलेले नाहीत. डबा अजून जॅकवर आहे.

रामजी


१० नोव्हेंबर २०२५

दादू भावजी,

पाना पोचला.

भाऊबीज होऊन गेली आणि पुडा आला नाही, तेव्हा मी जॅकवरचा डबा तसाच ठेवून द्यायचं ठरवलं होतं. कल्पिता दोनदा म्हणाली, गणराजकडून नवा पाना घडवून घेऊ. मी म्हणालो, घाई काय आहे. विहारातलं सगळं तिच्या कानावर आलं आहे. माझ्या ताटात हल्ली तिखट कमी असतं.

मंगळवारी पोस्टमनने हाक मारली. पार्सल जड होतं. वरचं नाव मोठ्या, वाकड्या अक्षरांत होतं, ओळ उतरत गेलेली. अक्षर ओळखीचं वाटेना. मग कळलं, डाव्या हाताने लिहिलेलं आहे. रखमाचं डाव्या हाताचं अक्षर मी कधी बघितलंच नव्हतं. एकतीस वर्षांत तिने मला पत्र लिहिलं नाही, हे त्या क्षणी नीट लक्षात आलं.

आत जुन्या धोतराच्या फडक्यात पाना होता. चिठ्ठी नव्हती. मी फडकंही झटकून बघितलं. पाना काळा, तुळतुळीत, कुठे गंजाचा ठिपका नाही. खाऱ्या हवेत साधी खिळ्यांची पेटी वर्षाला गंजते. तुम्ही त्याला तेल लावत होतात. कशासाठी लावत होतात ते मला विचारायचं नाही.

नट आवळायला मी बसलो. खाली बसलो ते उठायला कल्पिताला बोलवावं लागलं. जोर माझ्यात नाही. मी पाना नटावर धरला आणि ती दांड्यावर उभी राहिली. मी सांगत होतो, एक सोडून एक. ती म्हणाली, "आप्पा, ओळीने का नाही?" मी म्हणालो, ओळीने आवळलं तर चाक एका बाजूला बसतं, दादूमामांची रीत आहे. प्रत्येक नटाला माझ्या तोंडून हं निघत होतं. तिने विचारलं, हे पण रीतीतलं का? मी म्हणालो, हो.

शनिवारी निघालो. जीप विनेशच्या मित्राची, चालवायला तो मित्रच. मी मागे गणराजच्या गाडीत. डब्यात कोणालाही बसू दिलं नाही. कल्पिताने उशा ठेवल्या होत्या, त्या काढायला लावल्या. ती म्हणाली, उशांचं वजन किती असतं? पण काढल्या.

गाडीला एवढं हळू चालायची सवय नसते, मागे एसट्या भोंगे वाजवत होत्या. पाच किलोमीटरवर मी थांबवली. नव्याने बसवलेलं चाक थोडं चाललं की नट पुन्हा तपासायचे असतात, तेही मला आता कळलं आहे. गणराज पाना घेऊन खाली बसला. मी उभा राहिलो नाही, रस्त्याकडेच्या दगडावर तोंड फिरवून बसलो. दहा नट आहेत. तो प्रत्येकाला जोर लावून मला सांगत होता.

"हलला न्हाय, काका."

"हलला न्हाय."

"ह्यो बी न्हाय."

दहा वेळा. हरिहरेश्वरला पोचल्यावर पुन्हा दहा वेळा. एकही नट केसभर फिरला नाही. तुमची रीत, तुमचा पाना आणि कोरी वाटी. त्या दिवशी तुम्हाला वाटी खरवडू दिली असती तर म्हसळ्याला पोचलो असतो. रखमाने पेटी उघडली असती. एवढंच होतं ते.

डबा अंगणात सुरूच्या झाडाखाली लावला आहे. चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावले आहेत पण चाकं काढली नाहीत. टायरवर ऊन येऊ नये म्हणून गोणपाट बांधलं आहे. दर महिन्याला डबा हातभर पुढेमागे ढकलायचा आहे, टायर एकाच जागी दबू नये म्हणून. कल्पिता म्हणते, पाहुणे आत झोपलेले असताना ढकलू नका म्हणजे झालं. पहिले पाहुणे पुढच्या शुक्रवारी येणार आहेत. त्याच्या आधीचे दिवस डबा रिकामा आहे.

पेटी आत ठेवली आहे. तिचे दोन सूर बसले आहेत. भाता धड आहे.

पाना मी परत पाठवत नाही. दाराच्या आत, पितळी पाटीखाली, खिळ्याला टांगला आहे. तेल लावतो आहे. तुमचा आहे, येऊन घेऊन जा. तळ्याहून सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारच्या आत पोचता. दोघं येणार असाल तर मी रस्त्यावर उभा राहतो. एकटे येणार असाल तरी उभा राहतो.

तुमचा मेहुणा
रामजी